ओतशाळेतला प्रश्न विद्यापीठात गेला तेव्हा

माझे मामा कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत पॅटर्नमेकर होते. त्यांच्या खिशात कायम एक पोलादी पट्टी असायची. शाळेत असताना मी एकदा ती माझ्या फूटपट्टीशेजारी ठेवून बघितली, तर दोन्हींवरचा एक फूट जुळेना. मामांची पट्टी मोठी भरत होती. "मामा, तुमची पट्टी चुकलीय," मी म्हटलं. ते हसले. "चुकली नाही रे. बीड ओतताना गरम असतंय, गार झालं की आकसतंय. फुटाला एक सूत. मग लाकूड आधीच तेवढं मोठं धरायला नको?" बीड म्हणजे ओतीव लोखंड, आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ॲल्युमिनियमचं ओतकाम असलं की मामा दुसरी पट्टी काढायचे, कारण ॲल्युमिनियम आणखी जास्त आकसतं.

पॅटर्न म्हणजे जी वस्तू ओतायची तिची लाकडी प्रतिकृती. मोल्डर ती पेटीत ठेवतो, भोवती वाळू ठोकून बसवतो, पेटीचे दोन भाग वेगळे करून पॅटर्न अलगद उचलतो आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओततो. वाळूची कड न मोडता पॅटर्न निघावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. वस्तू आतून पोकळ हवी असेल, पंपाच्या बॉडीसारखी, तर वाळूचा वेगळा कोअर करून आत बसवायचा, आणि त्या कोअरसाठी पुन्हा लाकडाची कोअरपेटी. पंपाच्या एका बॉडीसाठी मामा दोन-तीन आठवडे सागवानावर पटाशी आणि रंधा चालवत बसायचे. एवढं करून गिऱ्हाइकाने ड्रॉइंग बदललं की काम पुन्हा पहिल्यापासून. ड्रॉइंग आल्यापासून पहिला जॉब हातात पडेपर्यंत महिना-दीड महिना सहज जायचा आणि त्यातला मोठा वाटा पॅटर्नची वाट बघण्यात जायचा.

ही वाट बघण्याची कटकट फक्त शिरोलीची नव्हती. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एका विद्यार्थ्यालाही ती खुपली, आणि तिच्यातून आजच्या प्रगत उत्पादनाचं एक महत्त्वाचं तंत्र जन्माला आलं. थ्रीडी प्रिंटिंगबद्दल आपण वाचतो ते बहुतेक वेळा एखाद्या तयार चमत्कारासारखं लिहिलेलं असतं: यंत्रात फाइल घाला, वस्तू बाहेर येते. प्रत्यक्षात हे तंत्र कारखान्यातून विद्यापीठात गेलं, तिथे कित्येक वर्षं रखडत वाढलं, कुणीतरी घर पणाला लावल्यासारखं धाडस करून त्याची कंपनी काढली, आणि मग ते कारखान्यात परत आलं. हा फेरा कसा पडतो तेच मला इथे सांगायचं आहे. आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेज आणि एमआयडीसी यांच्यात रस्त्याने पंधरा मिनिटांचं अंतर असतं, पण एकमेकांकडे जाणं-येणं फार कमी. म्हणून ही गोष्ट मला जवळची वाटते.

त्या विद्यार्थ्याचं नाव कार्ल डेकार्ड. ऑस्टिन इथल्या टेक्सास विद्यापीठात तो मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होता. १९८१ च्या उन्हाळ्यात त्याने ह्यूस्टनमधल्या एका कारखान्यात काम केलं. तिथे तेलविहिरींसाठी लागणारे भाग बनत. वस्तूचा घनाकार संगणकावर रेखाटायचं सॉफ्टवेअर त्या कारखान्यात नुकतंच आलं होतं. आकार संगणकात तयार होता, पण ओतकामासाठी लागणारे पॅटर्न कारागीर हातानेच घडवत होते. डेकार्डच्या डोक्यात प्रश्न आला: आकाराची सगळी मापं संगणकाला माहीत आहेत, तर संगणकाने थेट पॅटर्नच का बनवू नये?

उत्तर सापडायला पुढची दोन-तीन वर्षं गेली. त्याने विचार केला तो असा. गणपतीची मूर्ती डोळ्यांसमोर आणा आणि ती आडवी कापून पातळ चकत्या करा, अगदी कागदाएवढ्या. प्रत्येक चकती म्हणजे एक सपाट चित्र. पायाशी पाटाचा चौकोन, वर मांडीचा आकार, त्यावर पोटाचा गोल, आणखी वर सोंडेचा आणि कानांचा वेगवेगळा तुकडा. ही सगळी चित्रं क्रमाने एकावर एक रचली की पुन्हा मूर्ती तयार. आता चित्र कशाने काढायचं? टेबलावर भुकटीचा पातळ थर पसरायचा आणि लेझरच्या झोताने त्यावर चकतीचं चित्र रेखायचं. झोत जिथे पडेल तिथले कण तापून एकमेकांना चिकटतील, बाकीची भुकटी सुटीच राहील. मग टेबल केसभर खाली घ्यायचं, नवा थर पसरायचा, पुढची चकती रेखायची. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाची ढेप होते तेव्हाही कण कडांना जुळून एक होतात. तिथे ते काम ओलावा करतो, इथे उष्णता. सगळे थर झाले की सुटी भुकटी झटकायची, आत वस्तू उभी असते. सुट्या भुकटीनेच वस्तूला खालून टेकू दिलेला असतो, त्यामुळे लोंबता हात किंवा पोकळ पोट करायलाही अडचण येत नाही.

१९८४ साली हा विचार घेऊन डेकार्ड त्याच विद्यापीठातल्या जो बीमन या तरुण प्राध्यापकाकडे गेला. बीमन यांनी त्याला पदव्युत्तर शिक्षणासाठी आपल्याकडे घेतलं. या टप्प्यावर कोणत्याही कंपनीने हे काम हातात घेतलं नसतं असं मला ठामपणे वाटतं. विकायला काही नव्हतं आणि कधी असेल हेही सांगता येत नव्हतं. विद्यापीठाकडे देण्यासारखं जे होतं ते म्हणजे एकच प्रश्न अनेक वर्षं चघळत बसायची मुभा. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडून ३०,००० डॉलरचं छोटं अनुदान मिळालं आणि यंत्र उभं राहिलं.

त्या पहिल्या यंत्राचं नाव बेट्सी. लेझरचं नियंत्रण होतं कमोडोर ६४ या घरगुती संगणकाकडे, जो त्या काळी मुलं खेळ खेळायला वापरत. भुकटीचा थर पसरायला यंत्रणाच नव्हती. जेवणाच्या टेबलावर मिठाची डबी असते तशा साधनातून डेकार्ड स्वतःच्या हाताने प्रत्येक थर शिंपडायचा, लेझर फिरू द्यायचा, मग पुढचा थर शिंपडायचा. बाहेर काय आलं? प्लॅस्टिकचे ओबडधोबड तुकडे. पण त्यांना आकार होता, आणि पीएचडीला पुढे जायला तेवढं पुरलं.

पुढचं काम बाहेरून कंटाळवाणं दिसतं, पण संशोधन म्हणतात ते हेच. थर एकसारखा कसा पसरायचा? साधी पट्टी ओढली तर भुकटी खालच्या तुकड्याला ढकलते. म्हणून यंत्र ज्या दिशेने पुढे जातं त्याच्या उलट्या दिशेने फिरणारा रूळ वापरला. तो भुकटीला पुढे लाटेसारखी उचलत नेतो आणि मागे सपाट थर सोडतो. दुसरी अडचण मामांच्या ओळखीची होती. चिकटलेला थर गार होताना आकसतो आणि त्याच्या कडा पापडासारख्या वर वळतात. त्यावर उपाय असा की सगळी भुकटी आधीच वितळण्याच्या थोडं अलीकडे तापवून ठेवायची, लेझरने फक्त शेवटचा धक्का द्यायचा आणि काम संपल्यावर सगळं मिळून सावकाश गार होऊ द्यायचं. आजही नायलॉनची भुकटी वापरणारी यंत्रं याच तत्त्वावर चालतात, आणि वस्तू छापून झाल्यावर ती बाहेर काढायला कित्येक तास थांबावं लागतं.

पेटंटचा अर्ज १९८६ साली दाखल झाला. आता प्रश्न होता मालकीचा. अमेरिकेत १९८० साली बे-डोल नावाचा कायदा झाला होता. त्याआधी सरकारी पैशातून झालेल्या शोधाची मालकी बहुतेक वेळा सरकारकडे जायची आणि शोध फायलीत पडून राहायचे. या कायद्याने मालकी विद्यापीठाला मिळायची वाट मोकळी झाली. विद्यापीठाने तो शोध कंपनीला परवान्यावर द्यावा, त्यातून येणाऱ्या पैशातला वाटा संशोधकालाही मिळावा, अशी ती व्यवस्था. डेकार्ड आणि बीमन यांच्यासोबत इंजिनिअरिंग विद्याशाखेचे साहाय्यक डीन पॉल मॅक्लुअर आणि ऑस्टिनमधले व्यावसायिक हॅरल्ड ब्लेअर आले आणि कंपनी निघाली. विद्यापीठाची अट होती की १९८८ संपायच्या आत ३ लाख डॉलर उभे करा, तरच परवाना. शेवटी गुडरिच या ओहायोतल्या मोठ्या कंपनीचा पैसा आला. कंपनीचं नाव झालं डीटीएम, म्हणजे टेबलावरचं उत्पादन या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. तिचं विक्रीसाठीचं यंत्र १९९२ साली आलं. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यापासून अकरा वर्षांनी.

हा अकरा वर्षांचा आकडा मी मुद्दाम लक्षात ठेवला आहे. स्टार्टअप म्हटलं की दोन वर्षांत नफा, पाच वर्षांत विक्री असं बोललं जातं. मोबाइलवरच्या ॲपला ते जमेल. पण धातू, भुकटी, उष्णता यांच्याशी गाठ असली की पदार्थ आपल्या घाईला जुमानत नाही. त्या काळात माणसाचा पगार कुणीतरी द्यावा लागतो, यंत्र मोडलं तर दुसरं घ्यावं लागतं. ही मधली दरी विद्यापीठ एकटं पार करू शकत नाही आणि उद्योजकही एकटा करू शकत नाही. डीटीएमच्या बाबतीत अलीकडच्या काठाला सरकारी अनुदान होतं आणि पलीकडच्या काठाला गुडरिच. २००१ साली थ्रीडी सिस्टिम्सने डीटीएम विकत घेतली.

थ्रीडी सिस्टिम्सचाही उल्लेख इथे करायला हवा, नाहीतर सगळं श्रेय ऑस्टिनला दिल्यासारखं होईल. द्रवरूप राळेवर अतिनील प्रकाश टाकून थर घट्ट करायची पद्धत जपानच्या नागोया शहरातल्या संशोधन संस्थेत हिदेओ कोदामा यांनी १९८१ साली मांडली होती. तशाच मार्गाने चक हल यांनी १९८४ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे थ्रीडी सिस्टिम्स काढली. हल विद्यापीठातले नव्हते. कोदामांचं काम आधी झालेलं असूनही त्याचा उद्योग उभा राहिला नाही.

आता धातूकडे वळू, कारण विमान, रॉकेट, हाडांचे सांधे हे सगळं तिथे आहे. जर्मनीत आखन इथल्या फ्राउनहोफर लेझर संस्थेत नव्वदच्या दशकाच्या मध्यात धातूची भुकटी पूर्ण वितळवून घट्ट वस्तू करायची पद्धत तयार झाली. आखनचं तंत्र विद्यापीठ शेजारीच आहे आणि दोघांची माणसं एकमेकांत मिसळलेली असतात. फ्राउनहोफर ही रचनाच मधल्या दरीसाठी आहे. तिच्या संस्थांना थोडा पैसा सरकार देतं आणि बराचसा त्यांना उद्योगांची कामं करून मिळवावा लागतो, त्यामुळे कारखान्याचा प्रश्न त्यांच्या टेबलावर रोज असतो.

धातूचं यंत्र जवळून बघितलं तर आत वेल्डिंगचंच काम चालू असतं, फक्त फार बारीक. बंद पेटीत आरगॉन वायू भरलेला, कारण तापलेला धातू हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. जाड पोलादी पाटावर भुकटीचा थर, माणसाच्या केसापेक्षा पातळ. त्यावरून लेझरचा ठिपका धावतो आणि त्याच्या खाली धातूचं इवलंसं डबकं तयार होऊन क्षणात गोठतं. असे हजारो थर. नायलॉनसारखी इथे सुटी भुकटी टेकूला पुरत नाही. गोठणारा धातू एवढ्या जोराने आकसतो की जॉब पाटावरून उचलला जाईल, म्हणून खाली धातूचेच आधार छापावे लागतात आणि नंतर कापावे लागतात. शिवाय उष्णतोपचार, घासकाम, तपासणी. छापून झालं म्हणजे जॉब तयार झाला असं या धंद्यातलं कुणीही म्हणत नाही.

त्यातली सगळ्यात मोठी भीती म्हणजे आत राहून जाणारी भोकं. ओतकामातही ब्लोहोल असतात, मोल्डर त्याला जन्मभर शिव्या घालतो. लेझरच्या डबक्यात भोकं का पडतात यावर बरीच वर्षं तर्कच चालू होते, कारण उकळत्या धातूच्या आत बघणार कसं? पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अँथनी रोलेट यांच्या गटाने शिकागोजवळच्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतला अतिशय प्रखर क्ष-किरणांचा झोत वापरला आणि लेझर चालू असतानाच डबक्याची आरपार चलचित्रं घेतली. २०१९ साली ते काम छापून आलं. त्यात दिसलं की लेझर धातूत खोल, अरुंद विवर खोदतो, किल्लीच्या भोकासारखं. विवर फार खोल आणि अरुंद झालं की डळमळतं, त्याचा तळ तुटतो आणि वायूचा बुडबुडा गोठणाऱ्या धातूत अडकतो. लेझरची शक्ती आणि वेग यांच्या कोणत्या मेळाला हे होतं, याची सीमारेषा आता आखता येते. यंत्रं बाजारात येऊन दोन दशकं झाली होती, तरीही हे मूलभूत काम विद्यापीठालाच करावं लागलं. कंपनी निघाली की संशोधन संपलं असं समजणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर बघावं.

आणि आता वाळू. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे गोष्ट सरळ मामांच्या अंगणात येते. बॉस्टनजवळच्या एमआयटीत इमॅन्युएल सॅक्स आणि मायकेल सिमा यांच्या गटाने १९८९ साली वेगळाच मार्ग धरला. लेझर नको, शाईच्या प्रिंटरचं डोकं घ्या आणि त्यातून शाईऐवजी चिकटद्रव टाका. भुकटीवर जिथे थेंब पडेल तिथे ती चिकटेल. या पद्धतीला त्यांनी दिलेलं नाव म्हणजेच थ्रीडी प्रिंटिंग. आज तो शब्द सगळ्याच पद्धतींना लागतो. एमआयटीने एक शहाणपणाची गोष्ट केली. परवाना एकाच कंपनीला न देता क्षेत्रागणिक वाटला: कुणाला धातूसाठी, कुणाला औषधाच्या क्षेत्रासाठी, कुणाला ओतकामाच्या सिरॅमिक साच्यांसाठी. एक कंपनी बुडाली तरी सगळं ज्ञान तिच्यासोबत बुडत नाही. जर्मनीत म्युनिकच्या तंत्र विद्यापीठातून १९९९ साली निघालेली व्हॉक्सेलजेट ही कंपनीही थेंब टाकून चिकटवण्याच्याच वाटेने गेली.

भुकटीच्या जागी ओतकामाची वाळू आणि चिकटद्रव म्हणून फाउंड्रीत आधीच वापरतात ती राळ घ्या. यंत्र पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीचे थर देत साचाच छापतं. पॅटर्न नाही, कोअरपेटी नाही, पॅटर्न उचलायचा नसल्यामुळे उताराचीही गरज नाही. आतले पाण्याचे मार्ग कितीही वेडेवाकडे असोत, चार तुकड्यांत करून गोंदाने जोडायचा कोअर आता एका तुकड्यात होतो. ड्रॉइंग बदललं तर फाइल बदलायची. धातू मात्र नेहमीसारखाच ओतायचा, त्याच भट्टीतून, त्याच लॅडलने. डेकार्डला ह्यूस्टनमध्ये पडलेल्या प्रश्नाचं हे सरळ उत्तर आहे, फक्त ते दुसऱ्याच विद्यापीठातून आलं. भारतातल्या फाउंड्री उद्योगातही वाळू छापणारी यंत्रं आली आहेत.

मग सगळे पॅटर्नमेकर घरी बसणार का? हिशेब मांडून बघू. समजा, एका ब्रॅकेटच्या डायला, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या धातूच्या साच्याला, पाच लाख रुपये पडतात. दहाच नग काढायचे तर नगामागे पन्नास हजार डायचेच झाले. लाख नग काढले तर पाच रुपये. छपाईत डाय नाही, पण दुसरा नग छापायला पहिल्याएवढाच वेळ लागतो आणि हजाराव्यालाही तेवढाच. म्हणून नग थोडे, आकार अवघड किंवा घाई मोठी असेल तिथे छपाई परवडते. ट्रॅक्टरचे हजारो हब काढायचे असतील तर पॅटर्न, पेटी आणि मोल्डिंग मशीनच पुढे राहणार.

हे गणित नजरेआड झालं की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. एमआयटीच्याच सॅक्स यांच्यासह काही प्राध्यापक आणि उद्योजकांनी २०१५ साली डेस्कटॉप मेटल काढली. धातूचे भाग थेंबांच्या पद्धतीने झपाट्याने आणि स्वस्तात छापायचे हे स्वप्न होतं. २०२० च्या शेवटी कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा तिचं मूल्य अब्जावधी डॉलर धरलं गेलं. पण चिकटवलेला भाग भट्टीत घट्ट करताना बराच आकसतो, सगळीकडून सारखा आकसतोच असंही नाही, आणि प्रत्येक नव्या भागासाठी ते नव्याने बसवावं लागतं. मागणी गुंतवणूकदारांच्या अपेक्षेच्या वेगाने वाढली नाही. जुलै २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. मला यात विद्यापीठाचं अपयश दिसत नाही. अकरा वर्षांच्या कामाला चार वर्षांची मुदत लावली की असं होतं.

छपाई जिथे खरंच शोभते ती जागा म्हणजे इंजिन. इस्रोने ९ मे २०२४ रोजी पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं छापलेलं इंजिन ६६५ सेकंद चालवून बघितलं. आधी ते १४ भाग जोडून व्हायचं, आता एकच भाग, त्यामुळे १९ वेल्ड गेले. जुन्या पद्धतीत एका इंजिनामागे ५६५ किलो पत्रा आणि घडीव माल लागायचा, नव्या पद्धतीत १३.७ किलो भुकटी. उरलेला माल जुन्या पद्धतीत चिप्स होऊन लेथखाली जायचा. हे इंजिन बनवलं विप्रोच्या थ्रीडी विभागाने.

त्याच महिन्यात ३० तारखेला श्रीहरिकोट्याहून अग्निकुल कॉसमॉस या कंपनीचं छोटं रॉकेट उडालं, एका तुकड्यात छापलेल्या इंजिनावर. आधीचे प्रयत्न पुढे ढकलावे लागले होते. ही कंपनी २०१७ साली श्रीनाथ रविचंद्रन आणि मोईन एसपीएम यांनी आयआयटी मद्रासचे प्राध्यापक सत्यनारायणन चक्रवर्ती यांच्यासोबत काढली. चक्रवर्ती ज्वलनशास्त्राचे अभ्यासक आहेत आणि तिथे ज्वलन संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. रॉकेट इंजिनच्या भिंतीत इंधनासाठी बारीक नळ्या असतात. इंधन आधी त्यांतून फिरून भिंत गार करतं, मग जळतं. जुन्या पद्धतीत या नळ्या कोरून वरून झाकण जोडावं लागतं. छपाईत त्या भिंतीसोबतच तयार होतात. नळ्या कुठून न्यायच्या हे ज्वलन कळणाऱ्यालाच सांगता येतं आणि ते छापायचं धाडस उद्योजकाने करायचं. कंपनीचा इंजिन छापायचा कारखाना आयआयटीच्या रिसर्च पार्कमध्येच आहे. प्रयोगशाळेतला माणूस चालत तिथे पोचतो, आणि मला या चालत पोचण्याचंच महत्त्व फार वाटतं.

महाराष्ट्रातही बीज आहे. आयआयटी मुंबईत प्राध्यापक के. पी. करुणाकरन यांच्या गटाने आर्क वेल्डिंगने थर चढवायचे आणि सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, कटरने ते साफ करायचे, अशी संकरित पद्धत विकसित केली. भुकटी आणि लेझर महाग, वेल्डिंगची तार स्वस्त आणि कुठेही मिळणारी. आपल्या वर्कशॉपला परवडेल असा हा विचार आहे. तिथलं साइन हे उद्योजकता केंद्र २००४ पासून आहे, आणि पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर चालतं. कायद्याच्या बाजूने मात्र आपलं काम अर्धवट राहिलं. सरकारी पैशातून झालेल्या शोधांच्या मालकीबद्दलचं विधेयक २००८ साली राज्यसभेत आलं आणि २०१४ साली मागे घेतलं गेलं. आज प्रत्येक संस्था आपापल्या नियमांनी चालते. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत मिळते, ही चांगली गोष्ट झाली. पण पेटंट मोजणं वेगळं आणि ते कुणाच्या कारखान्यात चालतंय हे बघणं वेगळं.

मी ज्या कॉलेजात शिकलो तिथून सगळ्यात जवळची फाउंड्री सायकलने गाठता यायची. चार वर्षांत आम्हाला तिथे एकदाही नेलं नाही. शेवटच्या वर्षाचा आमचा प्रोजेक्ट आधीच्या बॅचच्या अहवालावरून उतरवलेला होता आणि परीक्षकांनी तो पास केला. त्याच सुमारास मामांकडे एका कोअरमध्ये सारखं भोक पडत होतं. महिनाभर कुणाला कारण कळत नव्हतं. वायू निघायची वाट, राळेचं प्रमाण, ओतायचं तापमान, यातला एकेक बदल मोजून बघायला आम्ही चौघं पुरे होतो. आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही विचारायला गेलो नाही. याची खंत मला अजून आहे. डेकार्ड एका उन्हाळ्यासाठी कारखान्यात गेला होता, एवढाच आमच्यात आणि त्याच्यात पहिला फरक. बीमन यांच्यासारखा प्राध्यापक भेटणं ही पुढची गोष्ट.

डेकार्डने पुढे क्लेमसन विद्यापीठात शिकवलं, आणि कित्येक वर्षांनी पुन्हा ऑस्टिनमध्ये छपाईसाठी भुकटी तयार करणारी नवी कंपनी काढली. २०१९ च्या सुरुवातीला ती इव्होनिक या जर्मन कंपनीने घेतली, आणि त्याच डिसेंबरात डेकार्ड गेला. पहिल्या यंत्रात हाताने शिंपडलेल्या भुकटीचाच प्रश्न तो शेवटपर्यंत सोडवत होता.

मामा आता थकलेत, पटाशी सुटली आहे. त्यांचा मुलगा त्याच शेडमध्ये संगणकावर पॅटर्न काढतो. मोठ्या संख्येचं काम असलं की सीएनसीवर कापतो, एक-दोन नगांचं असलं की फाइल बाहेर पाठवून छापून घेतो. गेल्या दिवाळीत मी गेलो तेव्हा पडद्यावर पंपाची बॉडी फिरत होती. मामा खुर्ची ओढून मागे बसले, बराच वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, "फुटाला एक सूत धरलंस का?" त्याने स्केलच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथे १.०१०४ असा आकडा होता. "धरलंय, आबा."